आधी मोठ्यानं वाचून दाखव

नवी मुंबईतल्या एका कॉलेजात, लायब्ररीच्या कोपऱ्यात आमचं एक टेबल आहे. कागदोपत्री त्याचं नाव ‘लेखन साहाय्य कक्ष’, मुलांच्या तोंडी ‘रायटिंगवाल्या मॅडमचं टेबल’. कक्ष म्हणायला भिंती लागतात, त्या नाहीत. एका बाजूला वर्तमानपत्रांचा स्टँड, दुसऱ्या बाजूला कायम बंद पडलेला कूलर. असाइनमेंट, ब्लॅक बुक, सेमिनारचा पेपर, स्कॉलरशिपचा अर्ज, काहीही घेऊन मुलं येतात आणि आम्ही शेजारी बसून त्यावर बोलतो. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलनं जाते. नोकरीची सगळी वर्षं मी मुद्रितशोधन केलं, त्यामुळे सुरुवातीला कॉलेजातल्या सगळ्यांचा समज असा की बाई शुद्धलेखन तपासायला आल्यात. शुद्धलेखन मी सगळ्यात शेवटी बघते, आणि तेही दर वेळी नाही.

यंदा एम.ए.ची आणि टी.वाय.ची काही मुलं या टेबलावर ट्यूटर म्हणून बसायला तयार झाली आहेत. एफ.वाय.ची पोरं त्यांना ताई-दादा म्हणतील. त्यांना मी जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहून ठेवतेय. टेबलाकडे मदत मागायला येणाऱ्यांनीही वाचलं तर बरंच, निम्मं त्यांच्यासाठीही आहे.

सुरुवात खुर्चीपासून. समोरासमोर बसू नका. समोर बसलं की मुलाला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि कागद दोघांपैकी एकालाच सुलटा दिसतो. शेजारी बसा. कागद आलेल्या मुलीपुढे, पेन तिच्या हातात. लॅपटॉप असेल तर कीबोर्डवर बोटं तिचीच. तुमचं पेन सॅकमध्ये राहू द्या. हे किरकोळ वाटेल, पण तुमच्या हातात पेन आलं की आधी तुम्ही एक वेलांटी नीट करता, मग एक वाक्य फिरवता, आणि बघता बघता तिचा परिच्छेद तुमचा होऊन बसतो. ती ‘थँक्यू ताई’ म्हणून खुशीत जाते आणि पुढच्या आठवड्यात तसाच दुसरा परिच्छेद घेऊन येते.

मुलांनीच मुलांना लिहिताना मदत करायची ही पद्धत अमेरिकेतल्या कॉलेजांत चांगली रुजलेली आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० मध्ये शहरातल्या शाळांतून बारावी झालेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला. घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नाही अशी मुलं लोंढ्यानं वर्गात आली. त्यांच्यासाठी प्राध्यापकांनी जादा मदतीची सोय केली, तर मुलं तिकडे फिरकेनात. वर्गात जी भीती, तीच तिथे. ब्रुकलिन कॉलेजातल्या केनेथ ब्रफी या प्राध्यापकानं मग विद्यार्थ्यांनाच तयार करून विद्यार्थ्यांशेजारी बसवलं, आणि मुलं यायला लागली. १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ या दुसऱ्या एका प्राध्यापकानं एक वैतागलेला लेख लिहिला. सहकारी आपल्या लेखन केंद्राला चुका दुरुस्त करून देणारं दुकान समजतात, हा त्याचा राग. चाळीस वर्षं उलटली, तक्रार तशीच आहे. आमच्याकडेही ‘हिचं इंग्लिश जरा बघून द्या’ अशी चिठ्ठी देऊन सर मुलांना पाठवतात.

न्यूयॉर्कची ती १९७० ची परिस्थिती आपल्याकडे रोज सकाळी कसाऱ्याच्या गाडीतून ठाण्याला उतरते आणि ट्रान्स-हार्बरचा जिना चढते. आसनगाव, शहापूर, मुरबाडकडची मुलं, दिव्याच्या चाळींतली, ऐरोली-रबाळे-घणसोलीच्या गावठाणांतली. शाळा मराठी, कॉलेजचे पेपर इंग्रजी, मित्रांशी हिंदी. ही मुलं बोलायला भारी असतात. कँटीनमध्ये एखाद्या मॅचचं, भांडणाचं, बंद पडलेल्या लोकलचं वर्णन ऐका, एक शब्द फुकट जात नाही. तीच मुलगी कागद पुढे ओढते आणि लिहिते, ‘सदर विषयाचा अभ्यास करण्यात आलेला आहे.’ तुमचं या टेबलावरचं काम म्हणजे ती कँटीनमधली मुलगी कागदापर्यंत आणणं. बाकी सगळं त्याच्या मागून.

मूल बसलं की पहिलं विचारा, नेमकं काय मागितलंय? असाइनमेंटचा कागद, ग्रुपवरचा मेसेज, फळ्याचा फोटो, जे असेल ते बघा. मुलं खोटं बोलतात असं नाही, पण सरांचं वाक्य तीन मित्रांकडून फिरून आलेलं असतं. ‘तुलना करा’, ‘चर्चा करा’, ‘टीप लिहा’, ‘सोदाहरण स्पष्ट करा’ या चार वेगळ्या मागण्या आहेत आणि आपली मुलं चारहींना एकच उत्तर देतात: ठाऊक आहे ते सगळं, नोट्सच्या क्रमानं. तुलना मागितली असताना आधी एकाची दोन पानं आणि मग दुसऱ्याची दोन पानं आली असतील, तर त्या मजकुराच्या भाषेला हात लावण्यात काही अर्थ नाही. दोन उभे रकाने आखायला सांगा. कोणत्या रकान्यात कोणती ओळ रिकामी राहिली ते तिलाच दिसेल.

मग विचारा, कधी द्यायचंय? ‘उद्या सकाळी’ असं उत्तर आलं तर लेक्चर देऊ नका. एकच गोष्ट निवडा. बहुधा ती सुरुवातीचं पान असते, कारण तपासणारा तेवढं नक्की वाचतो.

आणि मग, वाचून दाखव. मोठ्यानं. लायब्ररीत मोठ्यानं कसं, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. मोठ्यानं म्हणजे तुम्हा दोघांना ऐकू जाईल इतकं. मुलं लाजतात, ‘तुम्हीच वाचा ना मॅडम’ म्हणतात. पहिल्या वेळी फारच लाजली तर एक परिच्छेद तुम्ही वाचा, पण जसा लिहिलाय तसा, चुकांसकट, नाटकी न करता. दुसरा परिच्छेद तिला द्या. मी प्रुफं वाचताना हेच करायची. आम्ही जोडीनं बसायचो, एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचणार, दुसरा छापलेल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकणार. गळलेली ओळ नुसत्या डोळ्याला सापडत नाही, ऐकताना लगेच खटकते.

वाचताना तुम्ही ऐकायचं ते असं. जिथे दम लागतो तिथे वाक्य लांबलंय. जिथे आवाज एकाएकी सपाट होतो आणि वेग वाढतो, तो मजकूर बहुतेक वेळा कुठून तरी उचललेला असतो. तो तिच्या तोंडात बसत नाही. आणि जिथे ती थांबते, वर बघते आणि म्हणते, ‘म्हणजे मला असं म्हणायचंय की…’, तिथे कान टवकारा. त्यापुढे जे येतं तेच वाक्य कागदावर असायला हवं होतं. तिला म्हणा, थांब, हे आत्ता बोललीस ते जसंच्या तसं लिही. भाषा कोणतीही असो.

गेल्या वर्षी घणसोली गावठाणातली एक मुलगी आली होती (तिला विचारूनच लिहितेय). समाजशास्त्राचं प्रोजेक्ट, विषय नवी मुंबईतले प्रकल्पग्रस्त. माहिती तिनं चोख गोळा केली होती. १९७० मध्ये सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन, १९८४ चं उरणचं आंदोलन, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, गोळीबारात गेलेले पाच जण, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देणारी पुढे आलेली योजना, गावकऱ्यांनी गरजेपोटी विनापरवाना बांधलेली घरं आणि त्यांना आलेल्या नोटिसा. सगळं होतं. पण पहिलं वाक्य होतं, ‘आजच्या जागतिकीकरणाच्या व धावपळीच्या युगात शहरीकरण ही काळाची गरज बनली आहे.’ हे वाक्य मी बँकिंगच्या प्रोजेक्टवर वाचलंय, योगासनांच्या वाचलंय, एकदा मधमाशापालनाच्याही वाचलंय.

ती वाचत गेली. तिसऱ्या पानावर आलं, ‘विस्थापनामुळे स्थानिकांच्या सांस्कृतिक अस्मितेचा ऱ्हास झालेला दिसून येतो.’

मी म्हटलं, ‘कुठे दिसून येतो? तुला कुठे दिसला?’

ती गप्प. मीही गप्प. कूलरवर कबुतर येऊन बसलं, गेलं. मग ती म्हणाली, ‘आमच्या आज्याला अजून सेक्टरचे नंबर येत नाय मॅडम. रिक्षावाल्याला पण शेताच्या नावानं पत्ता सांगतो. रिक्षावाला यूपीचा, त्याला काय कळणार? मग मला फोन लावतो.’

‘हे लिही.’

‘हे?’ तिनं चमकून पाहिलं. ‘हे प्रोजेक्टमध्ये चालतं?’

चालतं म्हणजे काय, हेच तर प्रोजेक्ट होतं. पुढच्या खेपेला ती आज्याकडून शेतांची नावं लिहून घेऊन आली. नंतर गल्लीतल्या आणखी म्हाताऱ्यांकडून. प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं, वय काय, कधी विचारलं, आणि आज तिथे काय आहे: अमुक सेक्टर, तमुक सोसायटी, नाला, बसडेपोची मागची भिंत. तक्ता तयार झाला. तो तक्ता पुढे असताना ‘सांस्कृतिक अस्मितेचा ऱ्हास’ हे शब्द तिला स्वतःलाच फुगलेले वाटायला लागले. तिनं ते काढले आणि साधं लिहिलं की शेतांची नावं माहीत असलेली शेवटची पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे, आणि त्यांच्या नातवंडांना सेक्टर माहीत आहेत, नावं नाहीत. मग तिला प्रश्न पडला की जुनी नोंद कुठे मिळेल. मी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर दाखवलं, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९३ पासूनची संस्था, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि ठाण्यात शिकणाऱ्या किती मुलांनी तिची पायरी चढली असेल कोण जाणे.

तिच्या प्रोजेक्ट गाइडनी ‘एक तरी पाय चार्ट हवाच’ असं सांगितलं. तिनं टाकला. गाइडच्या सूचनेवर टेबलावरून मत द्यायचं नाही, हा आमचा नियम आहे. गुण किती पडतील याचा अंदाजही सांगायचा नाही. मुलं खोदून खोदून विचारतात, तुम्ही हसून विषय बदला.

त्या सगळ्या बैठकीत मी दोन प्रश्न विचारले आणि मध्ये गप्प बसले. गप्प बसणं नव्या मुलांना सगळ्यात जड जातं. समोरची अडली की तुम्हाला उत्तर सुचतं, आणि हुशार मुलांना सुचलेलं उत्तर पोटात ठेवता येत नाही. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. पाढे म्हणा हवं तर. ती अडली असं तुम्हाला वाटतं तेव्हा बऱ्याचदा ती मराठीतला विचार इंग्रजीत आणायच्या खटपटीत असते. मध्येच तुमचं तयार वाक्य आलं की ती खटपट सोडून देते. इंग्रजीतून लिहायचं असलं तरी बोलणं मराठीतून, हिंदीतून, आगरीतून होऊ द्या. टिपण मराठीत काढू द्या. आधी म्हणणं जागेवर येऊ दे, मग इंग्रजी.

कौतुकाबद्दल एक. ‘छान लिहिलंयस’ म्हणू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. ‘रिक्षावाला यूपीचा, हे वाचल्यावर मला आजोबा रस्त्यावर उभे दिसले’ असं म्हणा. नेमकं कुठलं वाक्य लागलं ते सांगा, म्हणजे तसं दुसरं लिहिता येतं.

आता शुद्धलेखन, कारण ‘मॅडम, तुम्ही शुद्धलेखनाला महत्त्व देत नाही’ अशी माझी बदनामी झालेली आहे. देते. पण ज्या परिच्छेदाला उद्या कात्री लागणार आहे त्यातल्या वेलांट्या आज सुधारून काय करायचं? मजकूर ठरला की मगच त्यांच्याकडे वळायचं, आणि तेव्हाही सगळ्या चुकांवर नाही. चुकांच्या जाती शोधा. एका मुलाच्या चार पानांत मला चुका दिसल्या तर भरमसाट, पण निम्म्याहून जास्त एकाच जातीच्या: ‘करुन’, ‘दिसुन’, ‘घेवुन’, ‘जावुन’. त्याला एवढंच सांगितलं की ही सगळी रूपं ‘ऊन’नं संपतात, ऊ दीर्घ, आणि घेऊन-जाऊनमध्ये ‘व’ नाही. मग त्यानंच पेन्सिलीनं चार पानं धुंडाळली आणि सगळी पकडली. (‘करुन’ हे रूप महाराष्ट्रातल्या फलकांवर ‘करून’पेक्षा जास्त दिसतं, तेव्हा त्या पोराचा फार दोष नाही.) मराठी शुद्धलेखनाचे नियम एकूण अठरा: चौदा १९६२ मध्ये आले, उरलेले चार १९७२ मध्ये. अठराच्या अठरा कुणाला एका बैठकीत पाजू नका. मुलाच्या कागदाला जो लागू आहे तो एक सांगा. इंग्रजीतही तसंच. ज्याचे सगळे आर्टिकल गळतात त्याच्या प्रत्येक ‘द’वर खूण करत बसू नका, एका परिच्छेदावर दोघं मिळून काम करा आणि बाकीचे परिच्छेद त्याला करू द्या.

आणि आपल्याकडची आगरी-कोळी मुलं बोलताना ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ करतात, ते कधी कधी लिहिण्यात उतरतं. त्यावर हसलेलं मला चालणार नाही. प्रमाण लेखनात कुठे काय येतं ते सांगा, तिच्या बोलण्याला चूक म्हणू नका. शाळेत हसलेलं असतं कुणीतरी, म्हणून ती कॉलेजात ‘सदर’ आणि ‘करण्यात आलेले आहे’च्या आड लपते.

ब्लॅक बुकचा मोसम आला की टेबलावर रांग लागते. बाहेरच्या वाचकांसाठी: कॉमर्स-मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा जो अहवाल काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत बांधून द्यावा लागतो तो. यातल्या बऱ्याच जणांनी गूगल फॉर्म मित्रांच्या ग्रुपवर टाकलेला असतो, शंभर उत्तरं आलेली असतात आणि अहवालात लिहिलेलं असतं की नवी मुंबईतल्या ग्राहकांचा अभ्यास केला. अशा वेळी विचारा, हा फॉर्म कुणी कुणी भरला? उत्तर येतं, ‘आमचाच वर्ग, आणि ताईच्या ऑफिसातले.’ मग तेच लिहायला सांगा. सोयीनं निवडलेला नमुना, बहुतेक सगळे विशीतले, बहुतेक सगळे कॉलेजात शिकणारे, म्हणून निष्कर्ष एवढ्यापुरतेच. मुलांना वाटतं, असं लिहिलं की मार्क जातात. मार्क जातात ते व्हायवात बाहेरच्या परीक्षकानं विचारल्यावर त-त-प-प झालं तर. आधीच लिहून ठेवलेलं असलं की विचारण्यासारखं काही उरत नाही. पाय चार्टखाली ‘वरील आलेखावरून असे दिसते की’ म्हणून आलेखातलेच आकडे परत लिहायची एक प्रथा आहे. ते आकडे आलेखात आहेतच. त्याखाली तुला काय आश्चर्य वाटलं ते लिही, एवढं सांगून बघा. आभारांच्या पानाबद्दल मी बोलायचं सोडून दिलंय. निष्कर्ष अर्धं पान आणि आभार दोन पानं, आई-बाबांपासून लायब्ररीतल्या शिपायापर्यंत. असो, त्या पानावर मुलं निदान मनापासून लिहितात.

तयार ब्लॅक बुकं विकत मिळतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. नाव बदलायचं, बाइंडिंग करायचं. एका मुलाच्या प्रतीत सर्टिफिकेटवर कॉलेजचं नाव बरोबर होतं आणि तिसऱ्या प्रकरणात पुण्याच्या दुसऱ्याच कॉलेजचं. अशी प्रत टेबलावर आली तर आपण तिच्यावर काम करत नाही. मुलावर करतो. ‘हा विषय तू निवडला असतास का?’ असं विचारा. बहुतेक जण नाही म्हणतात, आणि मग काय निवडलं असतं ते सांगायला लागतात.

याच्याच पुढची गोष्ट चॅटजीपीटीची. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आलं आणि पुढच्याच सेमिस्टरला आमच्या टेबलावर एकाएकी बिनचूक इंग्रजी दिसू लागलं. नव्या ट्यूटरांना वाटतं की आपण ते पकडायचं. आपण पोलीस नाही. आणि पकडणारी यंत्रंही भरवशाची नाहीत: ज्या कंपनीनं चॅटजीपीटी काढलं तिनंच स्वतःचा ओळखणारा प्रोग्राम जुलै २०२३ मध्ये मागे घेतला, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत स्वतः लिहिलेले निबंधही त्या डिटेक्टरांनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्राचे ठरवले. म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलीनं घाम गाळून साधं, सरळ इंग्रजी लिहिलं तर शिक्का तिच्यावरच बसायचा. तेव्हा संशय आला तरी तोंडावर आरोप नको. नेहमीसारखं वाचून दाखव म्हणा. मजकूर तिचा नसेल तर दुसऱ्या परिच्छेदात जीभ अडखळते, आणि ‘याचा अर्थ तुझ्या शब्दांत?’ या प्रश्नाला ती स्वतःच म्हणते, ‘मॅडम, खरं सांगू का?’ मग खरं ऐका आणि कोरा कागद पुढे ठेवा. तिच्या विषयाच्या शिक्षकांचा नियम काय आहे तेही विचारा. काही जण आराखड्यासाठी वापरू देतात, काही मुळीच नाही, आणि जो नियम आहे तो तिला पाळायचाय.

दुसऱ्याचा मजकूर चोरण्याच्या बाबतीत पदव्युत्तर मुलांना आकडे पाठ असतात, पण उलटे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्रबंध आणि लघुप्रबंधांसाठी दुसऱ्याच्या मजकुराशी साम्याचे टप्पे ठरवलेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, त्यापुढे ४० पर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. मुलं यातून एवढंच घेतात की ‘दहा टक्के चालतं’. चालत नाही बाबांनो. त्याच नियमांत म्हटलंय की तुमचा गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष हा गाभा तुमचाच हवा, तिथे साम्य नको. आणि शब्दांच्या जागी समानार्थी शब्द टाकून टक्का खाली आणायची युक्ती वाचताना अशी काही ऐकू येते की विचारू नका. ‘मार्केट सेगमेंटेशन’चं ‘बाजार तुकडेबाजी’ झालेलं मी या कानांनी ऐकलंय.

आता टेबलाकडे येणाऱ्यांसाठी थोडं. पूर्ण झाल्यावर येऊ नका. पूर्ण झालेलं मोडायला जीव होत नाही, आणि मोडायला कुणी सांगितलं की राग येतो. अर्धं पान घेऊन या, नुसता प्रश्न घेऊन या, ‘काय लिहू कळत नाही’ एवढंच घेऊन आलात तरी चालेल. येताना असाइनमेंटचा कागद आणा. ‘तपासून द्या’ म्हणू नका. ‘इथे मी अडलोय’ म्हणा आणि बोट ठेवा. लिहायला बसल्यावर काही सुचत नसेल तर फोनवर रेकॉर्डर लावून मित्राला सांगतो तसं सांगा. गूगलच्या कीबोर्डवर माइकचं बटण दाबून मराठी बोललात तर ते सरळ टाइपही होतं, विरामचिन्हं सोडून. त्यातलं निम्मं फेकाल, पण उरलेलं तुमचं असेल. वाचताना पुस्तकाचं नाव आणि पान नंबर तेव्हाच लिहा. नंतर शोधायला बसलात की मिळत नाही, मग खोटी संदर्भसूची तयार होते आणि ती कशी तयार होते हे सगळ्या परीक्षकांना माहीत आहे.

पहिलं वाक्य सुचेपर्यंत थांबू नका. पहिलं वाक्य शेवटी लिहायचं असतं. तोवर त्या जागी ‘सुरुवात नंतर’ असं लिहून पुढे जा. ‘आजच्या धावपळीच्या युगात’ लिहिण्यापेक्षा ते बरं.

ट्यूटरांनो, बैठक चाळीस मिनिटांत संपवा. त्यानंतर दोघंही थकतात आणि तुमचा हात पेनाकडे जायला लागतो. उठण्याआधी तिलाच विचारा, घरी जाऊन पहिल्यांदा काय करशील? ती सांगेल ते तिनंच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचं. तुम्ही वहीत दोन ओळींची नोंद ठेवा: कोणता विषय, कशावर बोललो, पुढे काय. पुढच्या वेळी दुसरा ट्यूटर असला तर तिला पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

कधी कधी कागद निमित्त असतो. मूल निबंध घेऊन येतं आणि बोलतं भलतंच. घरात काय चाललंय, फी कशी भरायची, झोप का येत नाही. ऐकून घ्या, पण सल्ले देऊ नका, तुम्ही वीस-बावीस वर्षांचे आहात. कॉलेजच्या समुपदेशकांपर्यंत सोबत चालत जा. त्या नसतील तर टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. नंबर टेबलाच्या काचेखाली लावलेला आहे.

पहिले काही दिवस कुणी येणार नाही. नवे ट्यूटर यानं खट्टू होतात आणि मोबाइल काढून बसतात. मोबाइल काढून बसलेल्या माणसाकडे एफ.वाय.चं पोरगं येत नाही. त्यापेक्षा तुमचं स्वतःचं काहीतरी लिहायला घ्या, खाडाखोड दिसेल अशा कागदावर. येणारा-जाणारा वाकून बघतो, ‘ताई, तू पण खोडतेस?’ म्हणतो आणि बसतो. शनिवारी दुपारी लायब्ररी लवकर बंद होते, तेव्हा कँटीनमध्ये बसायला हरकत नाही. फक्त तिथल्या टेबलांवर शेजवान चटणीचे डाग असतात, ब्लॅक बुकची फायनल कॉपी तिथे उघडू देऊ नका.